नऊची गोळी

आमच्या घरात सकाळचे नऊ आणि रात्रीचे नऊ या दोन वेळा कुणाच्या सोयीने हलत नाहीत. पाहुणे बसलेले असोत, आरती चाललेली असो, एसटी घाटात असो. नऊ वाजले की गोळ्यांची पट्टी फुटल्याचा बारीक आवाज येतो, पाठोपाठ पाण्याचा घोट, आणि अर्धवट राहिलेलं बोलणं पुढे सुरू होतं. 2016 साली माझी डावी किडनी ह्यांना बसवली. नवी किडनी पाठीमागे, जुन्यांच्या जागी बसवतात असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात जुन्या दोन्ही बहुधा आहेत तिथेच राहू देतात, आणि नवी पुढे, ओटीपोटात, कमरेच्या हाडाच्या आतल्या खोलगट जागेत ठेवतात. पोटावरून हात फिरवला तर ती हाताला लागते. झोपेत ह्यांचा हात पुष्कळदा तिथेच असतो.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, ‘ऑपरेशन आमचं होतं, ते झालं. आता पुढचं तुमचं.’ टाके ओले होते, उठता-बसता जीव कळवळत होता, त्यामुळे पुढचं म्हणजे काय हे विचारायचं सुचलं नाही. पुढचं म्हणजे गोळ्या. रोज, वेळेवर, आयुष्यभर. ही गोष्ट ऐकायला इतकी साधी आहे, की ती अवघड असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसलेला माणूस, बायकोची किडनी पोटात घेतलेला माणूस, गोळी घ्यायला कसा चुकेल? पण चुकतो. पुष्कळ जण चुकतात. आणि जो चुकतो त्याला निष्काळजी म्हणून आपण मोकळे होतो, तेव्हा त्याच्या मनात काय चाललं होतं हे विचारायचं राहूनच जातं. मला त्या राहून गेलेल्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे.

माझी किडनी ह्यांच्या शरीराला आजही परकीच आहे. इतक्या वर्षांचा संसार झाला, मुलगी शिकून नोकरीला लागली, बरेवाईट दिवस एकत्र काढले; रक्तातल्या पांढऱ्या पेशींना यातलं काही ठाऊक नाही. परकं दिसलं की हल्ला करायचा, एवढंच त्यांना कळतं. त्यांना थोपवून धरायचं, पण इतकंही नाही की साध्या सर्दीतापाशी शरीराला झुंजता येऊ नये, हे गोळ्यांचं काम. रक्तातलं औषध तासांमागून तास ओसरत जातं, म्हणून घड्याळ पाळायचं.

ज्यांना या गोळ्या लागल्याच नाहीत असेही काही भाग्यवान होऊन गेले. 23 डिसेंबर 1954 रोजी बॉस्टनच्या पीटर बेंट ब्रिगहॅम हॉस्पिटलात डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिक या तरुणाची किडनी त्याचा भाऊ रिचर्ड याला बसवली. जगातलं ते पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण. दोघे एकसारखे जुळे होते, म्हणून रिचर्डच्या शरीराने भावाची किडनी आपलीच समजून ठेवून घेतली. तो पुढे आठ वर्षं जगला आणि आजारपणात आपली शुश्रूषा करणाऱ्या नर्सशीच त्याने लग्न केलं. बाकीच्या जगाला औषधाची वाट पाहावी लागली. साठच्या दशकात अॅझाथायोप्रिन आलं. मग नॉर्वेच्या हार्डांगरविडा पठारावरच्या मातीत सापडलेल्या बुरशीतून सायक्लोस्पोरिन निघालं. 1983 मध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली आणि प्रत्यारोपणाचं चित्रच पालटलं. 1984 मध्ये जपानमधल्या त्सुकुबा इथल्या मातीतल्या जीवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं. ह्यांची नऊची गोळी ती हीच. इतक्या दूरच्या देशातली माती सांगलीतल्या आमच्या घराला टेकू देते, याचं मला अजून नवल वाटतं.

मात्र या गोळ्यांचा एक स्वभाव आहे आणि मनाची सगळी गुंतागुंत तिथून सुरू होते. डोकं दुखत असताना गोळी घेतली की तासाभरात उतार पडतो. शरीर स्वतःच सांगतं की हे औषध चांगलं. टॅक्रोलिमस घेतल्यावर असं काहीच होत नाही. बरं वाटत नाही, हुशारी येत नाही. उलट हात कापतो, केस गळतात, साखर वाढते. सोबत घ्यायच्या प्रेडनिसोलोनने चेहरा गोल होतो, मायकोफेनोलेटने पोट बिघडतं. घेतलेल्या गोळीचा त्रास लगेच जाणवतो आणि फायदा कधीच जाणवत नाही. न घेतलेल्या गोळीचं याच्या नेमकं उलट. एखादा दिवस चुकला तर काही दुखत नाही. कदाचित थोडं बरंच वाटतं. आत मात्र पांढऱ्या पेशी जाग्या होऊ लागतात, नव्या किडनीविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ लागतात, आणि हे सगळं महिनोन्‌महिने मुकाट चालू राहतं. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा हालहवाल सांगणारा रक्तातला आकडा, वाढल्याचं रिपोर्टात दिसतं तेव्हा पुष्कळ नुकसान होऊन गेलेलं असतं. अनुभवावरून शिकावं असं आपण मुलांना सांगतो. इथे माणूस अनुभवावरून चुकीचंच शिकतो.

जत भागातले एक शेतकरी आम्हांला तपासणीच्या दिवशी भेटायचे. डाळिंबाची बाग. थोरल्या भावाने किडनी दिलेली. एका वर्षी बाग तेल्या रोगाने गेली, तेव्हा ते ह्यांच्या कानाशी लागून म्हणाले, ‘सर, सकाळची बंद केलीय. नुसती रात्रीची घेतोय. दोन महिने झाले, काय सुदीक झालं नाही बघा.’ त्यांच्या आवाजात कुचराई नव्हती, एक प्रकारचा शोध लागल्याचा आनंद होता. घरखर्चात दोन हजार वाचवण्याचा मार्ग सापडला होता आणि शरीराने त्याला होकार दिल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांना सांगितलंत का, असं ह्यांनी विचारलं, तर ते म्हणाले, ‘त्यांना कशाला? ते रागावत्यात.’ पुढे त्यांचं येणं थांबलं. त्यांचं काय झालं ते मला समजलं नाही.

पैशाची गोष्ट मनाच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत प्रत्यारोपणासाठी मदतीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला, ही फार मोठी गोष्ट आहे. पण गोळ्यांचा खर्च मरेपर्यंतचा असतो, आणि त्याचा भार बहुतेक घरांवरच पडतो. अमेरिकेसारख्या देशातही सरकारी विमा बहुतेकांचा या गोळ्यांचा खर्च शस्त्रक्रियेनंतर 36 महिनेच देत असे. ती मुदत उठवणारी तरतूद अमलात यायला 2023 चा जानेवारी उजाडला. घरात मुलांची फी, म्हातारीचं औषध आणि आपली गोळी यांत निवड करायची वेळ आली की कर्ता पुरुष पहिली कात्री आपल्या गोळीला लावतो. त्यात त्याला त्याग दिसतो. त्याला बेशिस्त म्हणणं हा अन्याय आहे.

ह्यांच्याविषयी सांगते. हे चित्रकलेचे शिक्षक. फळ्यावर हातातला खडू न उचलता एका दमात वर्तुळ काढायचे आणि वर्गात क्षणभर शांतता व्हायची. डायलिसिसच्या दिवसांत, आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला जखडलेले असताना, त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: पुन्हा शाळेत जाता यावं. त्या दिवसांत घोटाघोटाने पाणी मोजायचं, केळं नाही, नारळपाणी नाही, भाजी उकळून वरचं पाणी ओतून द्यायचं. संध्याकाळी मशीनवरून उतरल्यावर चेहरा धुतलेल्या कपड्यासारखा पांढरा व्हायचा. ऑपरेशननंतर हे सगळं संपलं आणि ते शाळेत रुजू झाले. पहिल्या वर्षी गोळी एकदाही मागेपुढे झाली नाही. डायलिसिसची भीती इतकी ताजी होती, की घड्याळाची गरज नव्हती.

भीती मात्र टिकाऊ नसते. माणूस बरा झाला की ती विरत जाते, आणि तशीच ती विरायला हवी, नाही तर जगणार कसं? बरं होणं म्हणजे आजार विसरणं. गोळी ते विसरू देत नाही. दिवसातून दोनदा ती येऊन सांगते, तू पेशंट आहेस. प्रत्यारोपणाला जितकी वर्षं होत जातात तितकी गोळी चुकण्याची शक्यता वाढत जाते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सवय होऊन ती कमी व्हायला हवी असं वाटतं, पण होतं उलटं. मला त्यात आश्चर्य वाटत नाही. जो माणूस जितका मनापासून बरा झाला, त्याला रोजची आठवण तितकीच जास्त टोचते.

ह्यांची शाळा सकाळची. सातला घर सोडायचं, गोळीची पट्टी खिशात. नऊला मी मेसेज करायची, ‘गोळी घेतली?’ उत्तर यायचं, ‘हो.’ असं कितीतरी दिवस चाललं. दिवाळीला मुलगी पुण्याहून आली होती. फराळाला बसलो असताना तिने सहज विचारलं, ‘बाबा, शाळेत गोळी कुठे घेता? स्टाफरूममध्ये सगळे बघत असतील ना?’ आणि तितक्याच सहजपणे हे म्हणाले, ‘शाळेत घेतच नाही. साडेबाराला, शाळा सुटल्यावर घेतो.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. टॅक्रोलिमसमुळे हात कापण्याचा त्रास गोळीनंतर तास-दोन तास सगळ्यात जास्त असतो, कारण तेव्हा रक्तात औषध चढलेलं असतं. नऊला गोळी घेतली की दहाच्या तासाला फळ्यावरचं वर्तुळ डगमगायचं. सप्टेंबरात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या होत्या. मुलांकडून अक्षरलेखन करून घेताना स्वतःचीच सरळ रेघ सरळ येईना. मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. बस, त्या दिवसापासून गोळी दुपारवर गेली. आणि ‘हो’ का लिहायचे? ते म्हणाले, ‘घेणारच होतो ना. तुला काळजी कशाला?’

यात विसरभोळेपणा कुठे होता? अज्ञानही नव्हतं. औषधाची माहिती त्यांना माझ्यापेक्षा जास्त. ब्रिटनचे मानसशास्त्रज्ञ रॉब हॉर्न यांनी नव्वदच्या दशकात औषधांविषयीच्या समजुती तपासण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिचा गाभा असा, की प्रत्येक माणूस मनात दोन गोष्टी तोलत असतो: या औषधाची मला गरज किती, आणि या औषधाची मला धास्ती किती. धास्तीचं पारडं खाली गेलं की गोळी मागे पडते. ह्यांच्या बाबतीत एका बाजूला किडनी होती, जी दिसत नाही. दुसऱ्या बाजूला चाळीस मुलांसमोर थरथरणारा हात होता. शिक्षक म्हणून असलेली सगळी ओळख त्या हातात होती. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या खेपेला त्यांनी स्वतःच डॉक्टरांना हे सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी गोळी बदलली; दिवसातून एकदाच घ्यायची, हळूहळू विरघळणारी, जिच्यामुळे औषध रक्तात एकदम चढत नाही. रक्ताच्या तपासण्या करत मात्रा बसवली. हाताची थरथर पूर्ण गेली नाही, पण फळ्यावर वावरण्यापुरती कमी झाली. मायकोफेनोलेटसाठी रात्रीचे नऊ अजून आहेतच. एवढा साधा उपाय होता, आणि तो केवळ एका गोष्टीसाठी अडला होता: कुणाला तरी खरं सांगता येणं.

टॅक्रोलिमसची पातळी, ज्याला सगळे नुसतं ‘लेव्हल’ म्हणतात, ती सकाळची गोळी घेण्याआधी तपासावी लागते. त्यामुळे लेव्हलच्या दिवशी हॉस्पिटलच्या बोळात सगळे गोळी खिशात ठेवून बसलेले असतात. कुणी रुमालाच्या गाठीत बांधलेली, कुणी चष्म्याच्या डबीत ठेवलेली. रक्त दिलं की तिथल्याच नळाचं पाणी घेऊन सगळे एकदम गोळी घेतात. त्या बोळात मी जेवढं ऐकलं तेवढं कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. लेव्हलच्या आधी चार दिवस काटेकोर राहायचं आणि रिपोर्ट आला की सैल सोडायचं, हे तिथे कितीतरी जण करतात, आणि रिपोर्ट छान येतो.

तिथेच एक मुलगी भेटायची, एकोणीसेक वर्षांची. आईची किडनी. शाळेत असताना ऑपरेशन झालं, तेव्हा गोळ्या आईच्या ताब्यात. डबीचे खण आई भरायची, आई द्यायची, ही गिळायची. मग कॉलेजसाठी होस्टेलवर गेली. प्रेडनिसोलोनने गाल सुजलेले, चेहऱ्यावर पुटकुळ्या. खोलीतल्या मुलींना तिने काही सांगितलंच नव्हतं. गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत लपवलेल्या, आणि कुणी खोलीत असलं की डबी काढायचीच नाही. तिची आई मला म्हणाली, ‘हिचं लग्न जमवायचंय हो. लोकांना कळलं तर?’ म्हणजे गोळी लपवायची शिकवण घरातूनच मिळाली होती. सतरा ते चोवीस या वयात किडनी गमावण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसतं, हे जगभरच्या नोंदी सांगतात. औषध आईच्या हातातून मुलाच्या हातात जाण्याचं हेच वय. याच वयात मुलांना इतरांसारखं दिसायचं असतं, आणि आपल्याकडे याच वयात स्थळं येऊ लागतात.

आकडे मी फार देणार नाही. साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी 2004 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा असं दिसलं की औषध नीट न घेणाऱ्यांची किडनी निकामी होण्याची शक्यता सातपट असते, आणि गमावलेल्या किडन्यांपैकी साधारण 36 टक्क्यांच्या मागे आधी औषध चुकवल्याचा इतिहास असतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2007 मध्ये वेगवेगळे अवयव बसवलेल्या लोकांची तुलना केली, तर प्रतिकार दडपणारी औषधं चुकवण्याचं प्रमाण किडनीवाल्यांतच सर्वांत जास्त निघालं, हृदय आणि यकृतवाल्यांपेक्षा बरंच जास्त. यामागे मला एक कारण दिसतं. ज्याला हृदय बसवलं त्याला मागे परतायला रस्ता नाही, हे तो जाणतो. किडनीवाल्याच्या मागे डायलिसिसचं दार उघडं असतं. त्या दाराकडे त्याला जायचं नसतं, पण ते आहे एवढं मनाच्या तळाशी पुरेसं होतं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. ऑपरेशनआधी हॉस्पिटलची समिती देणाऱ्याची मुलाखत घेते. मानवी अवयव प्रत्यारोपणाचा 1994 चा कायदा आहे, अवयवांचा बाजार होऊ नये म्हणून, आणि तो असायलाच हवा. मला कॅमेऱ्यासमोर विचारलं गेलं: स्वखुशीने देताय? कुणाचा दबाव? पैशांचा व्यवहार? पुढचे धोके समजलेत? मी सगळी उत्तरं दिली. आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका कितीतरी जास्त आहेत, तेव्हा हे प्रश्न आणखी खोलात जाऊन विचारावेत असंच मी म्हणेन. पण ह्यांना कुणी विचारलं नाही, की तुम्ही घ्यायला तयार आहात का? बायकोचा अवयव पोटात घेऊन उरलेलं आयुष्य कसं काढाल?

आपल्याकडच्या कथाही देणाऱ्याच्याच. दधीचीने अस्थी दिल्या, शिबीने मांडीचं मांस कापून दिलं, कर्णाने कवचकुंडलं उतरवली. घेणाऱ्याला त्यानंतर रात्री झोप कशी लागली, ते कुणी सांगत नाही. रेने फॉक्स आणि ज्युडिथ स्वेझी या दोन अमेरिकन अभ्यासक बाईंनी प्रत्यारोपण झालेल्या कुटुंबांत बरीच वर्षं काढली आणि ज्याची परतफेड कधीच होऊ शकत नाही अशा या दानाचा जाच घेणाऱ्याला कसा होतो, ते लिहून ठेवलं. मला ते पुस्तकातून कळण्याआधी घरात दिसलं होतं. ऑपरेशननंतर ह्यांनी माझ्याशी भांडणं सोडलं. पूर्वी आमची छान भांडणं व्हायची, पेपरच्या पानांवरून, पंख्याच्या वेगावरून. ती सगळी बंद. मी काही म्हटलं की ‘बरं’. भाजी खारट झाली तरी ‘छान झालीय’. किडनीबरोबर मी त्यांचा भांडायचा हक्कही काढून घेतला की काय, असं मला वाटायला लागलं. नातेवाईक येऊन त्यांच्यासमोर माझं कौतुक करायचे, ‘वहिनी सावित्री आहेत हो’, आणि हे मान खाली घालून बसायचे.

या माणसाची गोळी चुकली, तर ती तो मला कशी सांगणार? डॉक्टरांना एक वेळ सांगेल. पण जिने किडनी दिली तिला ‘आज घेतली नाही’ म्हणणं म्हणजे दिलेल्या वस्तूची किंमत ठेवली नाही असं कबूल करणं. म्हणून ‘हो’. जितकं ऋण मोठं, तितकं खरं बोलणं महाग. ऋणाची जाणीव असलेला माणूस गोळी जपून घेईल असं आपण धरून चालतो. काही घेतातही. काहींना मात्र तीच गोळी रोज दोनदा समोर आलेला हप्ता वाटते. आणि ज्यांना मेंदूमृत माणसाची किडनी मिळते, त्यांचं ऋण तर अशा घराचं, जिथे त्या दिवशी रडारड चालली होती. आभार कुणाचे मानायचे हेही त्यांना ठाऊक नसतं.

त्या दिवाळीनंतर काही दिवसांनी ह्यांनी माझ्यावर आवाज चढवला. रेडिओचं बटण मी फिरवलं म्हणून. मला इतकं बरं वाटलं, की मी उलट उत्तर द्यायचं विसरले. त्यांनी बटण परत फिरवलं.

उदासीचंही असंच असतं. एवढं मोठं ऑपरेशन झालं, नवा जन्म मिळाला, असं जो तो सांगत असतो. मग मन खचलं आहे असं म्हणायला जागा उरत नाही. आणि मन खचलेल्या माणसाला गोळीसाठी हात पुढे करणंसुद्धा डोंगराएवढं होतं. प्रत्यारोपणाच्या प्रत्येक ओपीडीत क्रिएटिनिन बघणाऱ्या डॉक्टरांइतकाच समुपदेशक गरजेचा आहे, असं माझं ठाम मत आहे. चार खुर्च्या सोडून एक खोली, एक शांत बाई किंवा बुवा, आणि घाईत नसलेली वीस मिनिटं. औषधांच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

तोवर प्रश्न विचारण्याची रीत तरी बदलता येईल. ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ शिवाय उत्तर नाही. त्या ‘ना’मध्येच ते ठरलेलं असतं. बाझेलमध्ये तयार झालेली एक छोटी प्रश्नावली जगभर वापरतात. ती गेल्या चार आठवड्यांबद्दल विचारते: एखादी गोळी राहिली का, लागोपाठ काही राहिल्या का, दोन तासांहून जास्त मागेपुढे झाली का, मात्रा आपल्या मनाने कमी केलीत का. चुकणं माणसाचं आहे असं धरून विचारलेले हे प्रश्न आहेत. आमच्या मुलीने नकळत तसंच विचारलं होतं. घेता का, असं तिने विचारलंच नाही. कुठे घेता, एवढंच विचारलं, आणि त्यात उत्तराला जागा होती.

तुमच्या घरात, शेजारात, कचेरीत कुणी किडनी बसवलेलं असेल, तर त्यांना असं विचारा: गोळीची वेळ कुठे अडते? कुणासमोर घ्यायला नको वाटतं? कशाचा त्रास होतो? खर्च झेपतो का? आणि उत्तर काहीही आलं तरी त्या क्षणी रागावू नका, रडू नका, किडनी कुणी दिली याची आठवण करून देऊ नका. तुम्हीच ती गोळी घेणारे असाल, तर एक लक्षात ठेवा. चुकली म्हणून दुसऱ्या वेळी दोन एकदम घेऊ नका, आणि चार दिवसांनी लेव्हल आहे म्हणून थांबू नका. त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना किंवा हॉस्पिटलच्या प्रत्यारोपण समन्वयकांना फोन करा, आणि चुकल्याचं खरं कारण सांगा.